पाव गोळी

सारजाबाईंच्या हातात बांगडी भरता भरता मला झोप लागली. बसल्या जागी, त्यांचा हात माझ्या हातात असताना. शहाऐंशी सालचा एप्रिल संपत आला होता. लगीनसराईमुळे पौडातल्या आमच्या बांगड्यांच्या दुकानात सकाळपासून बायकांची रीघ होती आणि दुपारची गोळी मी जेवणाआधीच घेऊन टाकली होती. सारजाबाई सुनेच्या माहेरचं काहीतरी सांगत होत्या, मी हूं हूं करत होते. मग काच मोडल्याचा आवाज झाला आणि त्या म्हणाल्या, "अगं ए, जागी हो. माझा हात हाय त्यो, उशी न्हवं."

बायका हसल्या. मीही हसले. त्यांच्या मनगटावर बोटभर चीर गेली होती आणि रक्त येत होतं. माझ्या सासूबाईंनी, हुसेनबींनी, "वाढली गं बाई, वाढली," म्हणत तुकडे उचलले आणि चिरेवर हळद दाबली. बांगडी फुटली असं आमच्या धंद्यात कुणी तोंडानं म्हणत नाही. सारजाबाई हळदीचा हात न्याहाळत म्हणाल्या, "हुसेनबी, तुझ्या ताजुद्दीनला सांग, बायकूला रातीची जरा झोपू देत जा म्हणावं." पुन्हा हशा झाला.

तेवढ्यात जैतून माझ्यापाशी आली. तेव्हा ती अडीच वर्षांची होती. माझा हात धरून म्हणाली, "अम्मी, लाल." माझ्या अंगठ्यात काचेचा तुकडा रुतून बसला होता, चांगला नखाएवढा. रक्त साडीवर ओघळलं होतं. मला ते कळलंच नव्हतं.

लोक हसले त्याचं मला काही वाटलं नाही. अंगठ्याचं वाटलं. मी या घरात लग्न होऊन आले तेव्हा अम्मांनी, म्हणजे सासूबाईंनी, मला पहिले तीन महिने डोळे मिटून बांगड्या भरायला लावल्या होत्या. म्हणायच्या, "हात डोळ्यांनी बघशील तर फसशील. गोरा हात मऊ वाटतो न् आतून लाकूड असतो. बोटांनी बघ." अंगठ्याच्या मुळाशी हाड कुठं वळतं, कुठं दाबलं की हात लहान होतो, कुठं जरा थांबायचं, हे सगळं बोटांना कळतं. माझ्या बोटांना आता काचही कळत नव्हती.

दुखणं सुरू झालं ते जैतूनच्या बाळंतपणाचे चाळीस दिवस संपले तेव्हा. उजव्या खांद्यामागच्या फऱ्यापासून कळ निघायची आणि दंडातून बोटांपर्यंत उतरायची. तापलेली सळई हाडातून ओढावी तशी. तेल झालं, विटेचा शेक झाला, दर्ग्यातला ताईत झाला. शेजारच्या एकीनं बाहेरचं आहे म्हणून सांगितलं, दुसरीनं कामचुकार आहे म्हणून सांगितलं. शेवटी हे मला पुण्याला हाडांच्या डॉक्टरांकडं घेऊन गेले. तिथं फोटो काढले, रक्त तपासलं. डॉक्टरांनी फोटो उजेडावर धरला आणि म्हणाले, "काही नाही. अगदी स्वच्छ आहे." काही नाही हे ऐकून ह्यांना बरं वाटलं. मला रडू आलं. मग डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या, दिवसातून तीन, पंधरा दिवस.

पांढरी गोळी, मधोमध रेघ. पहिली घेतली त्या संध्याकाळी मी जैतूनला उजव्या हातानं उचललं. पाच महिन्यांची माझी लेक मी कळ सुरू झाल्यापासून नीट उचललीच नव्हती. तिला खांद्यावर टाकून अंगणात फिरले, तिच्या टाळूचा वास घेतला. त्या गोळीला नुसत्या शिव्या घालणं मला अजूनही जमत नाही.

पण पंधरा दिवसांचे दोन महिने झाले आणि दोन महिन्यांची दोन वर्षं. डॉक्टरांची चिठ्ठी घड्यांवर फाटली, पुढं औषधवाल्यानं ती मागणंही सोडलं. हात दुखतो म्हणून गोळी घेते की गोळीची वेळ झाली म्हणून हात दुखतो, हे मला सांगता येईना. तासभर उशीर झाला की जांभयांवर जांभया, नाक गळायला लागायचं, पायांत पेटके यायचे, अंगावर काटा उभा राहायचा. आणि घेतली की झापड. जैतून रडत असली तरी माझा हात आधी डबीकडं जायचा, मग तिच्याकडं. हे कुणाला दिसत नव्हतं. मला दिसत होतं.

सारजाबाईंची गोष्ट चार दिवसांत शेजारच्या भरे गावापर्यंत पोचली. भऱ्याच्या रंभाबाई आल्या त्या दुकानाच्या पायरीवर टेकल्या आणि माझ्याकडं न बघता अम्मांना म्हणाल्या, "तुळजाचं ठरलं बरं का मावशी. पंचवीस मेला लगीन. चुडा भराया तुमीच या."

तुळजा म्हणजे त्यांची नात. त्या घरात तीन पिढ्यांचे चुडे आमच्या घरानं भरले होते. रंभाबाईंचा स्वतःचा अम्मांच्या सासूनं.

अम्मांनी माझ्याकडं बोट केलं, "सुरैया यील. माझा हात थरथरतो आता."

"थरथरू दे. जागा तर राहतो."

"सुरैया यील," अम्मा पुन्हा म्हणाल्या. आवाज चढवला नाही. पानाची चंची उघडून अडकित्त्यानं सुपारी कातरत बसल्या.

रंभाबाई उठल्या. जाताना माझ्यासमोर थांबल्या. "हे बघ पोरी, नवऱ्या मुलीचा चुडा हाय. भरताना वाढला तर लोक जन्मभर बोलत्यात. तुझं काय दुखतंय खुपतंय ते मला कळतं. पर माझ्या नातीच्या हातावर नगं."

"रक्त येणार नाही, काकू," मी म्हणाले. हे मी कशाच्या भरवशावर म्हणाले, कोण जाणे. म्हणून टाकलं आणि मग ते खरं करणं भाग पडलं.

दहा दिवसांवर रमजान होता. त्या वर्षी रमजान भर उन्हाळ्यात आला होता, पहाटे चारपासून संध्याकाळी सात वाजेपर्यंत पाण्याचा थेंब नाही. मी हिशेब केला की रोजा असला म्हणजे दुपारची गोळी आपोआप बंद. मग वाटलं, दुपारचीच का, सगळ्याच बंद. नुसतं मी सोडते म्हटलं असतं तर दुपारी तीन वाजता मीच मला सूट दिली असती. रोजाला कसली सूट देणार? आणि घरातलं कुणी, गावातलं कुणी, रोजा असलेल्या बाईला "घे गं एक, काय होतंय" म्हणणार नाही.

अम्मांनी ऐकलं आणि मान हलवली. "आजाऱ्याला रोजा माफ हाय."

"दोन वर्षं माफच आहे ना मला सगळं. गोळी खाते म्हणून स्वयंपाक माफ, पाणी भरणं माफ. आता लेकीला सांभाळणंही माफ करा."

"जीभ लई चालती तुझी."

"हात चालत नाही म्हणून."

ह्यांनी मध्ये पडून, "अगं डॉक्टरला तरी विचार," एवढं म्हटलं. ह्यांची सगळी जिंदगी सायकलला बांगड्यांची पेटी बांधून गावोगाव फिरण्यात गेली, बायकांच्या भांडणात किती बोलायचं हे त्यांना बरोबर कळतं. मी विचारलं नाही. चंद्र दिसला त्या संध्याकाळी गोळ्यांची डबी ह्यांच्या हातात दिली आणि म्हणाले, "मुळा नदीत टाकून या. आणि मी पाया पडले तरी नवी आणू नका." ते सायकल काढून गेले आणि रिकामी डबी परत घेऊन आले.

ती पहिली रात्र फार वाईट गेली. पण पहाटे सहेरीला उठले, अम्मांनी गरम दूध दिलं, खजूर दिले, दोन घास खाल्ले आणि तासाभरात अंग निवळलं. दुपार जड गेली. संध्याकाळी रोजा सोडल्यावर अम्मांनी पुन्हा दूध दिलं, सब्जा घातलेलं, साखर जास्त. पुन्हा निवळलं. मला वाटलं, मी नियत पक्की केली आणि अल्लाहनं हात दिला.

दुसरा दिवस तसाच. तिसरा तसाच. चौथ्या-पाचव्या दिवशी कळ वाढली, झोप उडाली, पण मी उभी होते. आठव्या दिवसापासून पायांत पेटके येऊ लागले, तरीही उभी होते. झापड मात्र गेली होती. दुकानात बसून दुपारभर बांगड्या भरल्या, एकही वाढली नाही. सारजाबाईंना मुद्दाम निरोप धाडून बोलावलं आणि राहिलेल्या हाताच्या भरून दिल्या. "गोळी सुटली माझी," मी म्हणाले. समोरच्या पाच बायकांना सांगितलं. औषधवाल्याच्या बायकोलाही सांगितलं, ती विचारत नसताना. जैतूनला न्हाऊ घालताना तिलाही सांगितलं, "तुझी अम्मी लई पक्की आहे गं जैतू." ती म्हणाली, "पक्की," आणि माझ्या तोंडावर पाणी उडवलं.

अकराव्या रोजाच्या दुपारी जैतून अंगणात भातुकली मांडून बसली होती. तिच्या हातात अम्मांचा अडकित्ता बघितला आणि मी धावले. बोट कापलं तर? पण जवळ गेल्यावर तिचं काय चाललं आहे ते बघत राहिले. तिनं पांढऱ्या खडूचा तुकडा अडकित्त्यात धरून, दोन्ही हातांनी, जीभ बाहेर काढून कातरला. कण उचलून खेळातल्या वाटीत टाकला. बोटानं ढवळलं. फ्रॉकच्या टोकानं वाटी झाकली आणि माझ्यापुढं केली.

"अम्मी, दूध पी."

"माझा रोजा आहे ना, बाळा."

"पी. दादी देते तसं."

"दादी दुधात काय टाकते?"

"पांढला खाऊ," ती म्हणाली आणि ओठांवर बोट ठेवून, थेट अम्मांसारखी मान वाकडी करून, मला दटावलं, "शूऽ. अम्मीला नाही सांगायचं."

मी अडकित्ता काढून घेतला. आत अम्मा दुपारची नमाज पढत होत्या. चंची खुंटीला होती. सुपारीच्या कप्प्यात, कात आणि लवंगांच्या खाली, कागदाची पुडी होती. तिच्यात चार गोळ्या. त्यातली एक चार तुकड्यांत कातरलेली, तुकडे अगदी सारखे.

अम्मांनी नमाज पुरी करून दोन्हीकडं मान वळवेपर्यंत मी थांबले. मग पुडी पुढं धरली. "हे काय आहे?"

त्यांनी बघितलं. "सुपारी."

"सुपारीवर मधोमध रेघ असते का, अम्मा?"

त्या चटई गुंडाळायला लागल्या. मी चटईवर पाय ठेवला. असं मी आयुष्यात कधी केलं नव्हतं.

"तुझा रोजा तुटला न्हाई," त्या म्हणाल्या. "पाटंची अजानीच्या आदी दिली, सांजची रोजा सुटल्यावर दिली. मदल्या टायमाला एक कण न्हाई. कसम."

"मी रोजाचं विचारतेय का?"

"मग कशाचं इचारतीयास?"

"मी गावभर सांगत सुटले. गोळी सुटली म्हणून."

"मी बी ऐकलं. लई गोड वाटलं मला."

"अम्मा!"

"त्या रातीला तू उशी चावत व्हतीस," त्या खाली बसत म्हणाल्या. "पलीकडं मी व्हते. माझ्या पोटची न्हाईस, पर कान तर माझेच हायेत. ताजूनं डबी न्यायच्या आदीच मी तिच्यातनं पंदरा काढून घेतल्या हुत्या. म्हटलं, ही हट्टी हाय, मोडून पडंल. लग्नापातूर पुरवायच्या म्हणून मग कमी कमी केल्या. आदी दोन येळा आख्खी, मग अर्दी अर्दी. आता चार दिस नुसती पाटंची पाव."

मला त्यातलं काही ऐकायचं नव्हतं. मला फक्त दिसत होतं की अकरा दिवस मी ज्याला माझी ताकद समजत होते ती दुधातून येत होती. मी म्हणाले, "आजपासून तुमच्या हातचं पाणीसुद्धा नको," आणि पुडी चुलीत टाकायला निघाले. अम्मांनी ती माझ्या मुठीतून काढून घेतली. त्यांच्या थरथरत्या हातात एवढा जोर आहे हे मला ठाऊक नव्हतं.

संध्याकाळचा रोजा मी माझ्या हातच्या पाण्यानं सोडला. सहेरीही माझी मी केली. बाराव्या दिवशी दहा वाजेपर्यंत मला दरदरून घाम सुटला. अकराला उलट्या. पोटात पीळ, पायांत पेटके, आणि हात, तो तर खांद्यापासून तोडून टाकावा असा. जैतून दारात उभी राहून माझ्याकडं बघत होती, जवळ येत नव्हती. ती मला घाबरली होती. ते बघितलं आणि मी अम्मांना म्हणाले, "पाणी द्या." माझा रोजा तिथंच तुटला. अम्मांनी ग्लास ओठाला लावला, गोळीचं नाव काढलं नाही. डोक्यावर पदर घेतला आणि म्हणाल्या, "चल. सरकारी दवाखान्यात नवी डाक्टरीण आलीया. बाईमाणूस हाय, बोलता यील."

डॉक्टरीणबाई माझ्याच वयाच्या होत्या. टेबलावर डबा उघडा होता, त्यांचं जेवण अर्धं राहिलं होतं. मी पहिल्यापासून सगळं सांगितलं. पुण्याचे फोटो, पंधरा दिवसांच्या गोळ्यांची दोन वर्षं, रमजान. मग अम्मांकडं बोट केलं, "आणि ह्यांनी हे केलं."

अम्मांनी चंची उघडून पुडी टेबलावर ठेवली. जसा काही मालच दाखवत होत्या.

डॉक्टरीणबाईंनी पाव तुकडा तळहातावर घेतला, चष्मा वर करून बघितला. "कशानं कापलंत?"

"अडकित्त्यानं."

"किती दिवसांत किती कमी केली?"

अम्मांनी सांगितलं. त्या ऐकत होत्या आणि पाठकोऱ्या कागदावर काहीतरी मांडत होत्या. मग माझ्याकडं वळल्या. "ही गोळी एकदम सोडायची नसते. शरीराला तिची सवय लागते, मग ते असं भांडतं. हळूहळूच उतरायचं असतं. तुमच्या सासूबाईंनी नेमकं तेच केलंय, फक्त जरा घाईनं. आणि तुम्हाला न सांगता केलं, ते चूक."

"म्हणजे मी काहीच केलं नाही," मी म्हणाले.

"दिवसाला तीन घेणारी बाई चार दिवस पाव गोळीवर दुकान चालवत होती. ते कुणी केलं? सासूबाईंनी?"

असा विचार माझ्या मनात आला नव्हता.

मग त्यांनी माझा हात हातात घेतला. खांद्यापासून बोटांपर्यंत दाबून बघितला, किती वेळ. मला वाटलं, आता ह्याही म्हणणार, काही नाही. त्या म्हणाल्या, "तुमच्या हाताला काय झालंय ते मला माहीत नाही. पुण्यातल्या डॉक्टरांनाही कळलं नसावं. पण आम्हाला कळत नाही म्हणून तुमचं दुखत नाही, असं मी म्हणणार नाही."

"बरा कधी होईल?"

"तेही माहीत नाही. कदाचित दुखत राहील. गोळीविना दुखत राहील, एवढं आपण करू शकतो. शेक घ्या. थोडं काम, थोडा आराम, पुन्हा काम. दुखलं की लपवू नका, थांबा."

दोन वर्षांत कुणीतरी पहिल्यांदाच मला खरं उत्तर दिलं होतं. ते उत्तर काही चांगलं नव्हतं, तरी बाहेर येताना माझी पाठ सरळ होती.

त्यांनी लिहून दिलं. आठवडाभर पाव सकाळी, पाव संध्याकाळी. मग एकच. मग त्याहून लहान. पंधरा दिवसांनी येऊन दाखवायचं. "आणि रोजे सध्या नकोत," त्या म्हणाल्या.

अम्मा म्हणाल्या, "मी तरी दुसरं काय सांगत हुते?"

राहिलेले रोजे मी थंडीत एकेक करून धरले. तेव्हा नीट धरले. आधीचे मी अल्लाहसाठी कमी आणि स्वतःला कुलूप लावायला जास्त धरले होते, हे मला त्या दवाखान्याच्या पायऱ्या उतरतानाच कळलं होतं.

संध्याकाळी अम्मांनी चंची घेऊन माझ्यासमोर मांडी घातली, पाव तुकडा काढला, माझ्या हातावर ठेवला. मी तो तोंडात टाकला आणि त्यांच्याच हातचं पाणी प्याले. त्या म्हणाल्या, "कडू आसंल."

"दुधात बरी लागत होती," मी म्हणाले.

त्या हसल्या नाहीत. पण रात्री माझा हात मांडीवर घेऊन त्यांनी विटेचा शेक दिला आणि मला झोप लागेपर्यंत उठल्या नाहीत.

पंचवीस मेला सकाळीच आम्ही निघालो. सहाला पाव गोळी घेतली होती. एसटी भऱ्याच्या फाट्यावर उतरवून गेली, पुढं चालत. बांगड्यांचं गाठोडं ह्यांच्या डोक्यावर, जैतून कधी माझं बोट धरून, कधी अम्मांचं. अम्मांचा रोजा होता तरी त्या आल्या होत्या. रंभाबाईंच्या अंगणात मांडव पडला होता, जात्याला खण बांधला होता, बायका गोळा झाल्या होत्या. तुळजा पाटावर बसली. एकोणीस वर्षांची, रापलेली, भातखाचरात राबलेले हात. रंभाबाई तिच्या मागं उभ्या राहिल्या, दोन्ही हात कमरेवर.

मी तुळजाचा हात घेतला आणि डोळे मिटले.

तळवा कडक होता. पण अंगठ्याच्या मुळाशी काहीतरी वेगळं लागलं, हाड एका बाजूला उचललेलं. मी विचारलं, "लहानपणी पडली होतीस का गं?"

"व्हय. बैलगाडीतनं. कसं कळलं?"

"इथं सांधा वर बसलाय. मी खालून घेते, मग लागणार नाही."

पहिली हिरवी बांगडी गेली. दुसरी, तिसरी. माझ्या बोटांना तिचं हाड कळत होतं, कातडीखालची शीर कळत होती, काचेची धार कळत होती. कळही कळत होती. ती फऱ्यातून निघाली होती आणि कोपरापर्यंत आली होती. सातव्या बांगडीला ती बोटांत उतरली आणि माझी बोटं आपोआप आखडली.

आधीची मी असते तर दात आवळून तशीच रेटली असती. मी बांगडी बाजूला ठेवली आणि हात मांडीवर घेतला.

"काय झालं?" मागून रंभाबाई. "आली का झोप?"

"झोप नाही, काकू. हात दुखतोय. जरा थांबते आणि भरते."

मांडवात चुळबुळ झाली. एकजण कुजबुजली. रंभाबाई म्हणाल्या, "मग उगं कशाला? मावशीला बसू दे."

अम्मा कुडाला टेकून बसल्या होत्या. त्यांनी जागेवरून विचारलं, "माझा थरथरतो, तिचा दुखतो. कुठला पायजे, सांगा."

कुणीतरी फिसकन हसलं. तेवढ्यात तुळजा मान वळवून म्हणाली, "आजे, बसू दे त्यांनाच. मला एकदा बी लागलं न्हाई."

मी हात झटकला, बोटं उघडली मिटली. जैतून माझ्या गुडघ्याशी येऊन बसली. मग तीच सातवी पुन्हा घेतली, मग आठवी. नववीला कळ होती, दहावीलाही. अकरावी झाल्यावर पुन्हा थांबले, कुणी काही म्हणालं नाही. दुसऱ्या हाताच्या दहा मी दोनदा थांबून भरल्या. एकवीसच्या एकवीस. एकही वाढली नाही, कुठं ओरखडा नाही. तुळजानं दोन्ही हात उचलून हलवले, बांगड्या वाजल्या आणि ती आधी अम्मांच्या आणि मग माझ्या पाया पडली.

रंभाबाईंनी खण, नारळ आणि पायलीभर तांदूळ ओटीत घातले. मग पाटावर त्याच येऊन बसल्या. "माझ्या बी भर," हात पुढं करून म्हणाल्या. "सैल नगं. बसंल तेवढी बारीक."

"काकू, आज फक्त तुमच्या भरते. बाकीच्यांनी बाजाराच्या दिवशी पौडाला यायचं. माझा हात आज एवढाच आहे."

"मानपानाची वरमाय दिसतीया," मागून एक म्हणाली.

"दिसू दे," रंभाबाई म्हणाल्या. "तू भर गं."

परत फाट्याकडं चालताना ऊन उतरलं होतं. हात खांद्यापासून पेटला होता. जैतून पेंगत होती, तिला मी डाव्या कडेवर घेतलं. गाठोडं हलकं झालं होतं म्हणून हे शीळ घालत पुढं चालले होते. अम्मांनी दोनदा माझ्याकडं बघितलं. तिसऱ्यांदा चंचीवर हात ठेवून विचारलं, "देऊ का?"

"फाट्यावर गेल्यावर."

फाट्यावर आलो. एसटीचा पत्ता नव्हता. अम्मा दगडावर टेकल्या. "आता?"

"गाडी आल्यावर."

"लई हट्टी हायेस."

"तुम्हीच म्हणालात, मोडून पडेल म्हणून. बघू की पडतेय का."

गाडी आली. मी खिडकीशी बसले, जैतूनचं डोकं माझ्या दुखऱ्या दंडावर होतं. तिचा घाम, तिच्या केसांतली धूळ, तिचा श्वास, सगळं मला लागत होतं. हात बाजूला घ्यावासा वाटला नाही.

घरी पोचलो, मगरिबची अजान झाली, अम्मांनी खजुरानं रोजा सोडला आणि मग मी माझी गोळी मागितली. पाव. कागदावर लिहिली होती तेवढी आणि तेव्हाच. डॉक्टरीणबाईंनी घाई करू नका म्हटलं होतं, आणि मी आता कुणालाच काही सिद्ध करून दाखवत नव्हते.

दोन वेळांच्या पाव गोळीचा आठवडा संपला, मग एका वेळेचाही संपला, त्या संध्याकाळी अम्मांनी अडकित्ता घेतला, पाव तुकड्याचे दोन केले, त्यातला लहान तळहातावर ठेवून माझ्यापुढं धरला.

"चालंल?"

मी बघितलं. जैतूननंही मान पुढं काढून बघितलं.

"चालेल," मी म्हणाले. "पुढच्या आठवड्यात अजून लहान."